आमची वाटचाल : आठ टेबलं आणि एक ग्राइंडर

दुकान उघडण्याआधी आमचा सगळ्यात जास्त वेळ भिंतींचे रंग, दिवे आणि कपबशा निवडण्यात गेला. आता तो ग्राइंडरवर जातो. शेजारपाजारची माणसं लहान कॉफीशॉपमध्ये येतात ती जागा उबदार वाटते म्हणून, हे खरं. पण कालची चव आज मिळाली नाही, तर उबदार कोपरासुद्धा रिकामाच राहतो.

आमचं एस्प्रेसो मशीन दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी उतरणाऱ्या दोन तोंडांचं आहे आणि त्याला विजेची स्वतंत्र लाइन आहे. ते दार उघडण्याच्या पाऊण तास आधी चालू करायचं. प्रेशरचा काटा त्याच्या कितीतरी आधी जागेवर येतो, पण ग्रुपचा धातू अजून गारच असतो आणि पहिले शॉट (एका वेळी उतरणारी कॉफी) आंबट उतरतात. तापेपर्यंत पोर्टाफिल्टर, म्हणजे पूड भरायचे मुठीचे चमचे, ग्रुपलाच अडकवून ठेवायचे.

मग दळण लावायचं. पोर्टाफिल्टरमधल्या जाळीच्या बास्केटमध्ये 18 ग्रॅम पूड, कपात 36 ग्रॅम कॉफी, 25 ते 30 सेकंद. हे सुरुवातीचं माप. शेवटचा निकाल जिभेचा. वीस सेकंदांतच उतरली तर दळण बारीक करायचं, चाळीस लागले तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दळण बदललं तरी पात्यांत आणि नळीत जुनी पूड अडकलेली असते, म्हणून पुढचे दोन डोस सरळ फेकायचे. नव्या हातांना इथे नेमकी काटकसर सुचते. जुन्याच पुडीचा शॉट बघून ते ग्राइंडरची चकती आणखी फिरवतात, आणि मग अर्धा तास कोणाचाच पायपोस कोणाच्या पायात नसतो.

सकाळी लावलेलं दळण दुपारी चालेलच असं नाही. हवेतला दमटपणा बदलतो, पाती तापतात. बियांचंही वय असतं. ताज्या भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. क्रेमा, म्हणजे कॉफीवरचा फेस, भरपूर फुगतो, पण धार अडखळते आणि चव खरखरीत लागते. म्हणून आम्ही त्या आठवडाभर मुरू देतो. ग्राइंडरवरचा बियांचा हॉपर काठोकाठ भरलेला दिसतो छान, पण उघड्यावरच्या बिया लवकर शिळ्या होतात. आम्ही त्यात दोन तासांपुरत्याच टाकतो.

एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागलं, तर दोष बहुतेक वेळा पूड दाबण्यात असतो. उघड्या तळाच्या पोर्टाफिल्टरमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. एका कडेनं बारीक पिचकारी उडते आणि बाकीचा तळ कोरडाच राहतो. पाण्यानं फट शोधलेली असते. फटीतल्या पुडीचा अर्क जास्त उतरतो आणि उरलेली कच्ची राहते. टँपर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, किती जोरात दाबला यापेक्षा तो सपाट बसला का, हे बघावं.

पाण्याकडे आमचं लक्ष उशिरा गेलं. जड पाण्यानं बॉयलरच्या आत क्षार धरतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आरओचं अगदी निखळ पाणीही चालत नाही. कॉफी सपक होते, शिवाय बॉयलरमधली पातळी ओळखणारी सळई पाण्यातल्या क्षारांतून जाणाऱ्या विजेवर चालते. क्षारच नसतील तर तिला पाणी जाणवत नाही आणि बॉयलर भरतच राहतो. आता आम्ही आरओच्या पाण्यात फिल्टरचं थोडं पाणी मिसळून क्षार लिटरला 150 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतो.

दूध फ्रिजमधून थेट जगमध्ये, म्हणजे चोचीच्या भांड्यात, चोचीच्या तळापर्यंतच. वाफ सोडल्यावर जग कोमट लागेपर्यंतच हवा घ्यायची, मग वाफेच्या दांडीचं टोक थोडं खाली नेऊन दूध गरगर फिरवायचं आणि 60 ते 65 अंशांवर थांबायचं. सत्तरच्या पुढे गोडवा जातो. एकदा तापवलेलं दूध पुन्हा नीट फेसाळत नाही. उरलं तर ओतून द्यायचं. दांडी त्याच क्षणी पुसायची.

बसण्याच्या जागेत आमची मोठी चूक आवाजाची होती. काच, फरशी, उघडी भिंत, फोटोत सगळं सुरेख. पण सहा माणसं बोलायला लागली की सातव्याला आवाज चढवावा लागे. जाड पडदे, भिंतीला पुस्तकांची कपाटं, खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे आणि टेबलांच्या खालच्या बाजूला तोच नमदा लावला, तेव्हा कुठे दोघांचं बोलणं दोघांपुरतं राहिलं. वापरलेली पूड ठोकायचा डबा काउंटरवरून उचलून रबरावर, भिंतीच्या बाजूला नेला. एका मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान लावले आणि हळू ठेवले.

टेबलं दोघांची, 60 सेंटिमीटरची चौकोनी. चौघं आले की दोन जोडता येतात. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागदाची घडी सारू नये, पायांना फिरवून उंची बदलणारे बूट लावावेत. भिंतीला पाठ टेकणाऱ्या जागा आधी भरतात, म्हणून बाक भिंतीलगत आहेत. मशीन असं आडवं ठेवलं आहे की शॉट काढणाऱ्याची पाठ दाराकडे होत नाही. आत येणाऱ्याला कुणीतरी मान वर करून पाहिलेलं पुरतं.

रोज येणाऱ्याची कॉफी पाठ झाली तरी आम्ही ती परस्पर बनवत नाही. "नेहमीचीच ना?" एवढं विचारतो. नेमकी त्याच आठवड्यात त्यांनी साखर सोडलेली असते.