तुम्ही विचारलंत म्हणून: साताऱ्याचे प्रतिसरकार हे सरकार होते की दहशत?

मी वाळवा तालुक्यातला आहे हे कळले की थोड्या ओळखीनंतर हा प्रश्न बहुधा येतोच: १९४२ च्या चळवळीनंतर इंग्रजी अमलाला समांतर असे गावोगाव चालवलेले क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार खरोखर सरकार होते, की बंदुका हाती आलेल्या तरुणांनी गावांवर बसवलेला धाक? काही जण तो आदराने विचारतात, तर काहींनी ‘पायाला पत्र्या ठोकणारे’ एवढेच ऐकलेले असते. माझे मत आधीच सांगतो. ते सरकार होते. आणि ज्यांना तसे वाटते त्यांनीच त्याने दिलेल्या शिक्षांचा जाब सर्वांत आधी विचारला पाहिजे.

या चळवळीची सुरुवात बंदुकीने झाली नव्हती. ऑगस्ट १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग येत असे, तालुक्यांच्या कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या मामलेदार कचेरीवर रक्त न सांडता तिरंगा चढला. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच घडले आणि किर्लोस्करवाडीचे अभियंते उमाशंकर पंड्या मारले गेले. झेंडा घेऊन चालत आलेल्या माणसांना ज्या राज्याने असे उत्तर दिले, त्या राज्याचा कायदा आता आपल्यावर बंधनकारक नाही, असे कार्यकर्त्यांना वाटू लागले असेल तर त्यात मला नवल वाटत नाही. १९४३ मध्ये भूमिगतांचे गट बांधले गेले, कुंडलला जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड यांनी तुफान सेना हे प्रतिसरकारचे सशस्त्र दल उभे केले, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली गेली. पुढे १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना पळवला गेला. इंग्रज सरकारच्या लेखी हे सरळ दरोडे होते, आणि तेव्हाच्या कायद्याने पाहिले तर त्याला दुसरे नाव देताही आले नसते.

पण लूट हा प्रतिसरकारचा एक भाग झाला. गावोगावच्या न्यायदान मंडळांकडे मी जास्त लक्ष देतो. बांधावरून पिढ्यान्पिढ्या चाललेली भांडणे, सावकाराने गिळलेली जमीन, नांदवत नसलेली सून, अशी प्रकरणे लोक आपण होऊन तिथे नेत. तालुक्याच्या कोर्टात वकिलाची फी, स्टॅम्प आणि तारखांचे हेलपाटे यांत जे वर्षानुवर्षे अडकायचे, ते गावच्या चावडीपुढे, दोन्ही बाजूंना ओळखणाऱ्या माणसांसमोर, एका बैठकीत मिटे. ज्या गावांत दरोडेखोरांच्या टोळ्यांनी उच्छाद मांडला होता तिथे रात्रीची झोप परत आली. हुंडा आणि वाजंत्री टाळून सुताच्या हारांवर ‘गांधी लग्ने’ लागली, दारूचे गुत्ते बंद पडले. माणूस धाकाने कर देईल, धाकाने गप्पही बसेल. पण धाकाने कोणी आपल्या बांधाचे भांडण घेऊन येत नाही. मी त्याला सरकार म्हणतो तो या एका कारणासाठी.

हा विश्वास एका रात्रीत आलेला नव्हता. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या चळवळीत उतरले होते आणि शेतकऱ्याच्या भाषेत बोलण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. त्यांच्या आधी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा गाण्या-नाट्यांतून प्रचार करणाऱ्या जलशांनी याच गावांत सावकारी आणि भटशाही यांच्याविरुद्ध लोकांना बोलते केले होते. शिवाय औंध संस्थानाची हद्द जिल्ह्यात तुकड्यातुकड्यांनी पसरलेली होती. कुंडल त्या संस्थानातले, आणि तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्येच आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिलेली असल्यामुळे भूमिगतांना तिथे श्वास घ्यायला जागा मिळे.

बायकांचा वाटा सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर एक नाटक वठवले होते. दारुडा नवरा बायकोला भर रस्त्यात मारतो आहे, आता दगडच घालतो आहे, असे दृश्य साथीदाराबरोबर असे काही उभे केले की पोलीस ते सोडवायला बाहेर धावले, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी चौकीतल्या बंदुका उचलल्या. नवऱ्याचा मार खाणारी बाई पोलिसांना इतकी ओळखीची होती की त्यांना शंकाही आली नाही. त्या वेळी हौसाताई विशीच्याही आत होत्या, आणि वडील फरारी असल्याने सरकारने घरदार, शेत जप्त केलेले त्यांनी लहानपणापासून भोगले होते.

आता जाबाकडे येतो. खबऱ्यांना, गुंडांना आणि काही सावकारांना प्रतिसरकारने कठोर शारीरिक शिक्षा दिल्या. चळवळीतले लोक सांगत की तळपायांवर काठीने मारत, म्हणजे माणूस कित्येक दिवस चालू शकत नसे. विरोधक सांगत की घोड्याच्या नालासारखी पत्री ठोकत. कोणत्या गावात नेमके काय झाले यावर वाद घालता येईल, पण अपंग होईपर्यंत मारण्याची शिक्षा देणाऱ्या त्या न्यायासनावर अपिलाची सोय नव्हती, हे दोन्ही बाजूंच्या सांगण्यातून सारखेच निघते. खबऱ्यामुळे साथीदार गोळीला बळी पडतात, वारणा खोऱ्यात फेब्रुवारी १९४५ मध्ये किसन अहीर आणि नानकसिंग तसेच पोलिसांशी लढताना पडले, हे मी जाणतो. भूमिगताला तुरुंग बांधता येत नाही हेही जाणतो. तरीही खबऱ्या ठरवलेल्या प्रत्येकाने खबर दिली होतीच का, की कुठे भाऊबंदकीचा जुना राग चळवळीच्या नावावर काढला गेला, हा प्रश्न निव्वळ लुटारूंच्या टोळीला कोणी विचारत नाही. तो सरकारलाच विचारतात, आणि म्हणून तो टाळता येत नाही.

गांधीजींचा आक्षेप वेगळा होता. मे १९४४ मध्ये सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना प्रकट होण्यास सांगितले, कारण गुप्तता आणि मोडतोड त्यांना अहिंसेत बसत नव्हती. साताऱ्यातले बहुतेक कार्यकर्ते मात्र भूमिगतच राहिले आणि १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ येऊन वॉरंटे मागे घेतली गेल्यावरच बाहेर आले. त्यांनी शब्द मोडला असे मला वाटत नाही. हजर व्हायचे म्हणजे मागे उरलेली गावे पोलिसांच्या सुडाच्या हवाली करायची, हा त्यांच्यापुढचा पेच खरा होता. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले, तोच लोकांचा कौल, असे कोणी मला सांगते. पण ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेतली होती, तिचा अर्थ प्रतिसरकारला मिळालेली पावती असा लावणे मला पटत नाही.

तुफान सेनेतल्या सैनिकांच्या आठवणी बऱ्याच छापल्या गेल्या, आणि त्या छापल्या गेल्या हे योग्यच झाले. ज्यांना मार बसला त्यांच्या घरांतली हकीकत मात्र फारशी कोणी लिहून घेतली नाही. एकाच आळीत दोन्ही घरे नांदत असल्यामुळे तो विषय आजही गावात काढला जात नाही. ज्यांच्या घरात ती अजून सांगितली जाते, त्यांनी नावे वगळून का होईना, पण ती लिहून ठेवावी अशी माझी विनंती आहे.