मांडवा ते राजपुरी शिडाच्या होडीतून: नाशिकहून नेलेला शिधा आणि होडीवरचा स्वयंपाक

जानेवारीतली सफर. २६ फुटी शिडाची होडी, चौघे जण, चार दिवस, तीन रात्री. अलिबागजवळच्या मांडव्याहून खांदेरी-उंदेरी बेटांच्या बाहेरून रेवदंडा, दुसऱ्या दिवशी मुरुड-जंजिऱ्याजवळची राजपुरीची खाडी, मग त्याच वाटेने परत. शिधा सगळा नाशिकहून कसाऱ्यामार्गे गाडीतून नेला.

या किनाऱ्यावर हिवाळ्यात केव्हा शिजवायचं ते वारा ठरवतो. पहाटेपासून दहा-अकरापर्यंत जमिनीकडून मतलई वारा, मग थोडा वेळ पडलेली हवा आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा, तो सूर्यास्ताला मावळतो. दक्षिणेला जाताना दुपारचा वारा पाठीशी असतो, म्हणून सकाळी नांगरावर निवांत शिजवा आणि जेवून शीड चढवा. परतीला तोच वारा नाकावर येतो. मतलई साधायचा तर पहाटे चारला नांगर उचलावा लागतो, तेव्हा चूल पेटवायचीच नाही. आदल्या रात्री थर्मासात भरलेला कोरा चहा आणि दशम्या, बस्स. रात्रीचा भात सकाळसाठी ठेवू नका. दमट, उबदार केबिनमध्ये तो धोक्याचा.

दशमी दुधात भिजवलेली, पाण्याचा थेंब न घालता, मंद आचेवर पूर्ण कोरडी भाजलेली हवी. पूर्ण गार झाल्यावरच सुती फडक्यात बांधा. गरम बांधली तर आत वाफ धरते आणि दुसऱ्याच दिवशी बुरशी येते. जोडीला जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, नागलीचे पापड. बोट लागणाऱ्यांना आलेपाक द्या, आणि पोट रिकामं ठेवू देऊ नका.

कांद्याबद्दल नाशिककरांना काय सांगायचं, पण इथेच चूक होते. उन्हाळ कांदा महिनोन्महिने टिकतो, म्हणून आपण बेफिकीर असतो. जानेवारीत बाजारात असतो तो लाल कांदा, आणि त्यात पाणी जास्त. बारीक मानेचे, साल वाळलेले निवडून दोन किलो घ्या आणि जाळीत टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले तिसऱ्या दिवशी मानेपाशी मऊ पडले होते. टोमॅटो नेऊच नका, आमसुलं न्या. द्राक्षांचे घड तळाला दबून फुटतात आणि गळलेल्या रसाने सगळा कप्पा चिकट होतो. त्यापेक्षा मनुके बरे.

तांदूळ इगतपुरीकडचा इंद्रायणी. एरवी चिकट म्हणून नावं ठेवतात, पण होडी कलली की हाच भात ताटलीत जागेवर राहतो. चौघांच्या खिचडीला २ वाट्या तांदूळ, १ वाटी मूगडाळ, ८ वाट्या पाणी, कुकर ५ लिटरचा. तो एक तृतीयांशाहून जास्त भरू नका, नाहीतर हेलकाव्याने पेज शिट्टीत चढते. दोन शिट्ट्या झाल्या की आच बंद करून कुकर जाड टॉवेलात गुंडाळा आणि सिंकमध्ये घट्ट बसवा. वीस मिनिटांत आतल्या वाफेवर मऊ होते. फोडणी घरून बाटलीत भरून न्या: तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, कडक तळलेला कढीपत्ता. ओली लसूण त्यात नको. तेलाखाली हवेविना राहिली की विषारी होऊ शकते. होडीवर तळण अजिबात करायचं नाही. पिठलंही उंच भांड्यात, झाकण ठेवून आणि नांगरावरच. मांडव्याजवळ मोठ्या बोटीच्या लाटेने होडी गदगदली आणि उघड्या कढईतलं पिठलं फळीवर आलं. कोणी समोर उभं नव्हतं म्हणून निभावलं.

गॅसचं काटेकोरपणे पाळा. तो हवेपेक्षा जड असतो; गळला तर होडीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीत स्फोट होतो. ५ किलोचा सिलिंडर बाहेर, सुकाणूजवळ, उभा बांधलेला असावा. शिजवून झालं की आधी सिलिंडर बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, मग शेगडीची कळ फिरवा. नळीच्या सांध्यांना रोज साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहा. शेगडी झुलती, म्हणजे होडी कलली तरी सपाट राहणारी असली, तरी भांड्याला दोन्ही बाजूंनी आडवे गज हवेतच. चहा ओतताना कप हातात न धरता सिंकमध्ये ठेवा, अर्धाच भरा. सुकाणूवरच्या माणसाच्या हातात गरम कप थेट देऊ नका. खाली टेकवा, तो उचलून घेईल.

रेवदंड्याच्या खाडीत भरतीला शिरा, मुखाशी वाळू आहे. किनाऱ्यावर ताजी मासळी मिळाली तर त्याच संध्याकाळी आमसुलाचं कालवण करा; बर्फाशिवाय रात्रभर ठेवू नका.

पाणी माणशी रोज ४ लिटर, म्हणजे ६४, वर एका दिवसाचं राखीव १६: एकूण ८० लिटर. मोठ्या जारऐवजी ५ लिटरचे १६ कॅन, निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे, तळाशी. भांडी खाडीबाहेरच्या समुद्राच्या पाण्याने घासा, शेवटी अर्धा पेला गोड पाण्याने विसळा. परत मांडव्याला पोचताना दोनच कॅन भरलेले उरले होते, कारण एक झाकणातून पूर्ण झिरपला होता. निघण्याआधी प्रत्येक कॅन भरून, कोरड्या कागदावर रात्रभर उलटा ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर तो कॅन घरीच राहू द्या.