जपानमधले मुक्काम: आसाकुसा, क्योतो आणि कोयासान

टूर कंपनीबरोबर न जाता जपान आपलं आपण बघायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. तेव्हा सगळ्यात जास्त वेळ गेला तो राहायच्या जागा शोधण्यात. विमानाची तिकिटं लेकीने काढली, रेल्वेचं वेळापत्रक ह्यांनी हातात घेतलं आणि मुक्काम माझ्या वाट्याला आले. दोघांचीही ही परदेशाची पहिलीच वारी. त्याआधी आमचं बाहेर राहणं म्हणजे गणपतीपुळ्याला पर्यटन महामंडळाचं निवास, नाहीतर पंढरपूरचा एखादा मठ.

शोधता शोधता माझं एक मत झालं आणि जाऊन आल्यावर ते पक्कं झालं. सगळ्या रात्री एकाच दर्जाच्या हॉटेलात काढू नयेत. टूरवाले तेच करतात. सगळीकडे तसाच पलंग, तसाच बुफे, आणि आठवड्याने कुठली खोली कुठल्या गावची तेही आठवत नाही. जपानमध्ये खोली हीच बघण्याची गोष्ट आहे. म्हणून मी टोकियो आणि ओसाकामध्ये साधी, स्टेशनजवळची हॉटेलं घेतली. तिथे वाचलेले पैसे क्योतोच्या ऱ्योकानसाठी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी विश्रामगृहासाठी, आणि कोयासान नावाच्या डोंगरावरच्या देवळातल्या मुक्कामासाठी ठेवले.

टोकियोत आम्ही आसाकुसाला राहिलो. सेन्सोजी देऊळ चालत गाठता येईल आणि विमानतळावरून थेट गाडी मिळेल, एवढंच बघितलं होतं. हॉटेल 'बिझनेस हॉटेल' म्हणतात तसलं होतं. पोचलो सकाळी, आणि तिकडे चेक-इन दुपारी तीनला. तीन म्हणजे तीनच, पण बॅगा हसतमुखाने ठेवून घेतात आणि पावती देतात, त्यामुळे हातात पिशवी घेऊन लगेच फिरायला निघता येतं. काउंटरवर पासपोर्टची झेरॉक्स काढून घेतली. परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत ठेवायची असा तिथला नियमच आहे, तेव्हा आमच्यासारखं कुणी पहिल्यांदा जात असेल तर त्यात बिचकायचं काही नाही.

खोली तेरा चौरस मीटर, म्हणजे दीडशे चौरस फुटांच्या आत. दोन पलंग, त्यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट, आणि बॅग उघडायची तर पलंगावरच. बुकिंग करताना एक गोष्ट नीट बघावी. 'सेमी-डबल' नावाची खोली दोघांसाठी म्हणून विकतात, पण तिच्यातला पलंग साधारण १२० सेंटीमीटर रुंद असतो. आपल्या वयाच्या जोडप्याने सरळ 'ट्विन', म्हणजे दोन वेगळ्या पलंगांची खोली, घ्यावी. आणि 'धूम्रपान निषिद्ध' ही खूण करायला विसरू नये, कारण सिगारेट ओढणाऱ्यांसाठीच्या खोल्या तिथे अजूनही असतात.

त्या छोट्या खोलीतली मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे न्हाणीघर. दार उघडलं की एक पायरी वर चढायची आणि आत बेसिन, टब, कमोड सगळं एका अखंड साच्यात घडवल्यासारखं. कुठे सांधा दिसत नाही, कुठे ओल नाही. ह्याची गोष्ट १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपर्यंत जाते. न्यू ओतानी नावाचं हजाराहून जास्त खोल्यांचं हॉटेल तेव्हा घाईघाईने उभं राहत होतं. प्रत्येक न्हाणीघरात फरशा बसवत बसलं असतं तर काम वेळेत संपलंच नसतं. म्हणून तोतो कंपनीने न्हाणीघरांचे भाग कारखान्यात तयार केले आणि इमारतीत नेऊन जोडले. आज जपानमध्ये घराघरांतून हेच दिसतं. मी सिव्हिल इंजिनिअरची मुलगी, आमच्या घरात जेवताना प्लंबिंगवर चर्चा चालायची. वडील असते तर त्यांना ही खोली दाखवायला मला फार आवडलं असतं.

आणि पाणी! परदेशी जायचं म्हटलं की आपल्याकडच्या बायकांना मनातून जी धास्ती असते ती कागदाची. बोलत कुणी नाही, पण असते. जपानमध्ये ती पहिल्याच दिवशी गेली. कमोडलाच पाण्याचा फवारा, तोही हवा तेवढा कोमट, आणि बैठक उबदार. ही सोय तोतोनेच १९८० साली बाजारात आणली. हॉटेलातच काय, कितीतरी रेल्वे स्टेशनांवर आणि दुकानांतही ती आहे. मैत्रिणींनी फोनवर जपानबद्दल विचारलं तेव्हा फुजी पर्वताआधी मी हे सांगितलं.

विजेचंही सांगते, कारण आपल्याकडचे लोक प्रवासात छोटा कुकर किंवा किटली नेतात. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. आपली किटली तिथे लावली तर ती तिच्या ताकदीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाने तापेल. ह्यांनी घरीच कागदावर हिशेब मांडून दाखवला आणि कुकर नेलाच नाही. खोलीत किटली असतेच, त्यामुळे चहा, झटपट पोहे आणि उपम्याची पाकिटं एवढ्यावर सकाळ निभते. पिना मात्र दोन चपट्या लागतात, तो अ‍ॅडॅप्टर इथूनच घ्यावा. नाइट ड्रेस, दात घासायचा ब्रश, सपाता हे हॉटेलच देतं. आमच्या हॉटेलात एका मजल्यावर नाणी टाकून चालणारी कपडे धुण्याची यंत्रं होती, त्यामुळे कपडे निम्मेच नेले तरी चाललं असतं.

टोकियो सोडताना मोठ्या बॅगा आम्ही बरोबर घेतल्याच नाहीत. हॉटेलच्या काउंटरवरूनच त्या पुढे ओसाकाच्या हॉटेलात पाठवल्या. ही सेवा यामातो कंपनीने १९७६ साली सुरू केली. पिल्लाला तोंडात धरून निघालेली काळी मांजर हे तिचं चिन्ह रस्तोरस्ती दिसतं. फॉर्म काउंटरवरच्या मुलीनेच भरून दिला. कुठल्या तारखेला हव्यात ते सांगायचं, त्या दिवशी बॅगा हजर. शिंकान्सेन ह्या वेगवान रेल्वेत फार मोठ्या बॅगेसाठी आता वेगळी जागा आरक्षित करावी लागते, त्यामुळेही हे सोयीचं. पाठीवर एकेक सॅक घेऊन आम्ही क्योतोला गेलो, आणि ह्यांच्या गुडघ्यांनी त्याबद्दल मनोमन आभार मानले असतील.

क्योतोचा ऱ्योकान ठरवायला मला सगळ्यात जास्त ईमेल लिहावी लागली. ऱ्योकानचा दर खोलीचा नसतो, माणशी असतो. त्यात एका रात्रीचं राहणं, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी असं सगळं धरलेलं. जेवणात पदार्थांची रांगच्या रांग येते आणि बहुतेक प्रत्येकात दाशी, म्हणजे माशाचा अर्क असतो. वरून भाजी दिसते, आत बोनिटो मासा. आम्ही दोघंही शाकाहारी. "मांस-मच्छी नको" एवढं लिहून भागत नाही, दाशीही नको हे लिहावं लागतं. तसं लिहिल्यावर दोन-तीन ठिकाणांहून फार सभ्य शब्दांत नकार आला. मला त्यांचा राग आला नाही. जे नीट करता येणार नाही ते आधीच सांगणं मला आवडतं. शेवटी 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय नुसतं राहणं, देणारा एक लहान ऱ्योकान मिळाला.

दारात बूट काढायचे, सपाता घालायच्या. खोलीच्या उंबऱ्याशी सपाताही काढायच्या, कारण तातामीच्या गवती चटईवर फक्त मोजे किंवा अनवाणी पाय. संडासाच्या सपाता परत वेगळ्या. सांगलीच्या गावभागात वाढलेल्या बाईला ह्यातलं काहीही शिकवावं लागलं नाही.

खोली आठ चटयांची. तिकडे खोली चटयांनीच मोजतात, एक चटई साधारण सहा फूट बाय तीन फूट. आकडेमोड केली तर ही खोली टोकियोच्या खोलीएवढीच, जवळजवळ दीडशे चौरस फूट. पण आत पाऊल टाकल्यावर ऐसपैस वाटलं. एक बुटकं टेबल, दोन बिनपायाच्या खुर्च्या, कोनाड्यात लांबट चित्र आणि त्याखाली एकच फूल. बाकी सगळं मोकळं. गाद्या कपाटात. संध्याकाळी आम्ही जेवून परत आलो तोवर त्या अंथरून ठेवलेल्या होत्या आणि टेबल बाजूला सरकवलेलं होतं. बसायची खोली तीच निजायची खोली झाली होती. टोकियोत दिवसभर रिकामे पलंगच खोली अडवून बसले होते, हे मला तेव्हा जाणवलं. ह्यांना खाली बसता येत नाही, ह्याची मला काळजी होती, पण खिडकीलगत एक अरुंद पडवी होती आणि तिथे दोन नेहमीच्या खुर्च्या. पुष्कळ ऱ्योकानांत ही पडवी असते. गुडघेदुखीवाल्यांनी बुकिंगच्या फोटोत ती आहे का ते बघून घ्यावं.

टेबलावर चहाचं सामान आणि एक गोड वडी ठेवलेली असते. घडी केलेला सुती युकाता, म्हणजे किमोनोसारखा झगा, असतो, त्याचा डावा पदर उजव्यावर घ्यायचा. उलटा फक्त मृताला नेसवतात. अंघोळीचं मात्र मला आधी मनाची तयारी करून जावं लागलं. सामायिक हौद, बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा, आणि आत जाताना अंगावर काही नाही. हौद अंग घासायला नाही. बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची आणि मग नुसतं गरम पाण्यात बसायचं. संकोच वाटणाऱ्यांसाठी तासाभरापुरता एकट्याने घ्यायचा हौदही पुष्कळ ठिकाणी मिळतो. पहिल्या दिवशी मी तो घेतला. दुसऱ्या दिवशी बायकांच्या हौदात गेले. तिथे माझ्याहून मोठ्या दोन आजी होत्या. त्यांनी मान लववली, मीही लववली, आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही. इतक्या वर्षांत स्वतःच्या शरीराबद्दल इतकी निवांत मी क्वचितच असेन.

क्योतोत बिलावर मुक्कामाचा एक वेगळा कर लागतो. २०१८ पासून तो सुरू झाला आणि माणशी, रात्रीमागे घेतात. टिप मात्र कुणालाच द्यायची नसते.

आता कोयासान. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीला जायचं. तिथून केबल कार खड्या चढाने वर नेते आणि वरून बस. आठशे मीटर उंचीवर देवदारासारख्या प्रचंड झाडांत वसलेलं हे देवळांचं गाव. कूकाई नावाच्या भिक्षूने नवव्या शतकात ते वसवलं. त्याला कोबो दाइशी म्हणतात. शंभराहून जास्त देवळं आहेत आणि त्यांतली पन्नासएक यात्रेकरूंना राहायला जागा देतात. त्या मुक्कामाला 'शुकुबो' म्हणतात. हजार वर्षं ह्या डोंगरावर बायकांना बंदी होती. १८७२ साली सरकारने हुकूम काढून ती उठवली. बाहेरच्या वाटांवर बायकांसाठी सात मंडप होते. तिथवर यायचं, तिथूनच हात जोडायचे. त्यातला एक अजून उभा आहे. बसने आम्ही त्याच्यावरूनच आत गेलो. मी खिडकीतून तो बघितला आणि माझ्या आधी तिथवर येऊन मागे वळलेल्या बायकांसाठी डोळे भरून आले.

एका तरुण भिक्षूने खोली दाखवली. सरकत्या कागदी दारांची, बाहेर बाग, आत केरोसीनचा हीटर. दिवाळी आटोपून आम्ही निघालो होतो, तेव्हा नोव्हेंबरची थंडी होती आणि न्हाणीघर लांब, ओसरीच्या टोकाला. नऊला दार बंद. ज्यांना रात्री दोनदा उठावं लागतं त्यांनी खोलीला लागून संडास असलेली जागा विचारून घ्यावी, थोड्या देवळांत ती मिळते.

रात्रीचं जेवण साडेपाचला आलं. लाखेच्या छोट्या पाटांवर वाट्याच वाट्या. ह्या जेवणाला शोजिन ऱ्योरी म्हणतात. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. आमटीचा अर्क समुद्री शेवाळाचा आणि शिताके अळिंबीचा. तिळाचं मऊसूत तोफू, आणि गोठवून वाळवलेलं कोया-तोफू, जे ह्याच डोंगराच्या नावाने ओळखलं जातं. देश सोडल्यापासून पहिल्यांदा मी ताटातलं काहीही न विचारता, न चाचपता जेवले. तिखटाची सवय असलेल्या जिभेला ते फार सौम्य लागेल, पण बॅगेतली शेंगदाण्याची चटणी मी काढली नाही. तिथे ती काढाविशी वाटली नाही.

सकाळी सहाला प्रार्थना. अंधाऱ्या गाभाऱ्यात पितळी दिवे, दोन भिक्षूंचा एकसुरी घोष. त्यानंतर शेजारच्या दालनात होम. खराखुरा होम, समिधा रचून, मंत्र म्हणत, आहुती टाकत. वज्रयान ह्या बौद्ध पंथाबरोबर तो भारतातून चीनमार्गे इथे आला. न्याहारी करून आम्ही ओकुनोइनला, तिथल्या जुन्या दफनभूमीत, गेलो. दोन किलोमीटरची दगडी वाट, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या. कितीतरी दगडांवर सिद्धम अक्षरं कोरलेली. ही लिपी ब्राह्मीतून आलेली, म्हणजे आपल्या देवनागरीची चुलत बहीणच. वाटेच्या शेवटी कोबो दाइशीचं स्थान. ८३५ साली तो गेला असं तिथे कुणी म्हणत नाही, तो ध्यानात बसलाय असं मानतात. आजही दिवसातून दोनदा भिक्षू त्याच्यासाठी जेवण घेऊन जातात. मला आळंदी आठवली. ज्ञानोबांची संजीवन समाधी जिला कळते तिला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. ह्यांनी चपला काढल्या. तिथे तशी पद्धत नाही, पण मीही काढल्या.

त्या दुपारी ओसाकाला उतरलो. बॅगा हॉटेलात येऊन थांबल्या होत्या, खोली परत तेरा चौरस मीटरची, परत दोन पलंग. संध्याकाळी हे म्हणाले, "अगं, वर अजून एक रात्र मिळेल का बघतेस?" मी बघितलं. पुढच्या दोन्ही रात्री त्या देवळात जागा नव्हती. शनिवार-रविवार आला होता, आणि पानं लाल होण्याचे दिवस. जाणाऱ्यांनी कोयासानला दोन रात्री धराव्यात आणि त्या सोमवार ते गुरुवारात धराव्यात.