हैतीचा टिकल्यांचा ध्वज: आधी मागची बाजू बघा

वस्त्र-संवर्धनाच्या टेबलावर एखादी वस्तू येते तेव्हा तिच्याबरोबर नोंदीचं कार्डही येतं. या ध्वजाच्या कार्डावर एवढंच होतं: ‘सजावटी कापड, टिकल्या, वेस्ट इंडीज, सुमारे १९७५, पर्यटकांसाठी.’ दान म्हणून आलेल्या खोक्यात तो चार घड्या घालून ठेवला होता. त्याच खोक्यात काचेच्या फ्रेममधलं बाजारात मिळतं तसं एक स्वस्त रंगीत चित्रही होतं. संध्याकाळपर्यंत कार्डावरचं साल खोडावं लागलं, ‘पर्यटकांसाठी’ हेही खोडावं लागलं. हे सगळं तपशिलात लिहितो आहोत, कारण कॅरिबियनमधली अशी कापडं संग्रहांत ‘सजावटी’ या सदरात टाकली की पुन्हा कुणी उघडून बघत नाही. खरं तर ती वाचायला एक चांगला दिवा, भिंग, टाचणी आणि थोडा धीर एवढं पुरतं.

वस्तू म्हणजे हैतीतल्या व्होडू पंथाचा ध्वज. क्रेओल भाषेत त्याला द्रापो म्हणतात. व्होडूच्या देवळात, म्हणजे ऊनफोत, विधीच्या सुरुवातीला दोन ध्वजधारी हे ध्वज घेऊन येतात. त्यांच्या पुढे तलवार किंवा कोयता घेतलेला सूत्रधार असतो, त्याला लाप्लास म्हणतात. ध्वज फिरवून दिशांना, ढोलांना, पुजाऱ्याला वंदन होतं, आणि ज्या देवतेला बोलवायचं तिचं चित्र किंवा चिन्ह त्या ध्वजावर असतं. आमच्या टेबलावर आलेला ध्वज ओगूचा होता. ओगू ही लोखंडाची, युद्धाची देवता, रंग लाल. चित्रात मात्र दिसतो तो पांढऱ्या घोड्यावरचा ख्रिस्ती संत, थोरला सेंट जेम्स, हैतीच्या भाषेत सें जाक. गुलामगिरीच्या काळापासून आफ्रिकी देवता आणि कॅथलिक संत असे एकमेकांवर बसत गेले. उत्तर हैतीतल्या प्लेन-द्यु-नोरला २५ जुलैला भरणारी जत्रा याच सें जाकची, म्हणजेच ओगूची.

ध्वजाचं माप ९२ बाय ७९ सेंटिमीटर. लाल साटिनवर मधे स्वार आणि घोडा, भोवती चौकटींच्या नक्षीची रुंद किनार, तीन बाजूंना झालर. डाव्या कडेला काठी घालायची कापडी नळी आहे, आणि पहिली खूण तिथंच मिळाली. नळीच्या आतल्या साटिनचा तजेला गेलेला होता, वरच्या तोंडाशी कापड घासून झिरमिरीत झालं होतं. विक्रीसाठी भिंतीवर टांगायच्या ध्वजाला ही नळी क्वचितच असते, आणि असली तरी ती आतून झिजत नाही. शिवाय बाजारासाठी केलेल्या ध्वजांवर बहुधा कारागिराची सही असते. इथं सही नव्हती.

टिकली कशी बसवतात ते आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कापड लाकडी चौकटीवर ताणून बांधतात, त्यावर रेखाटन करतात. सुई खालून वर येते, टिकलीच्या भोकातून जाते, मग एका बारीक मण्यातून, आणि परत त्याच टिकलीच्या भोकातून खाली. मणी भोकापेक्षा मोठा असल्यामुळे टिकली अडकून राहते. दोरा मात्र न तोडता पुढच्या टिकलीकडे जातो. किनारीत टिकल्या मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे वरून दोरा दिसतच नाही. दोष इथंच शिरतो. टिकलीची कड धारदार, दोरा सुती. घडी पडली की कड दोऱ्यावर दाबली जाते, दोरा तुटतो, आणि एका ठिकाणी तुटला की ओळीतल्या पुढच्या आठ-दहा टिकल्या सैल होतात. आमच्या ध्वजावर नेमकं घड्यांच्या रेषेत हेच झालं होतं.

अशा घड्या काढायची नेहमीची पद्धत म्हणजे दमट हवा: पाण्याची वाफ आरपार जाऊ देणारा पण पाणी न सोडणारा पडदा, वर ओला टीपकागद, वर काच. कापड मऊ पडतं, घडी उतरते. पण टिकल्यांच्या कापडाला पाण्याजवळ न्यायच्या आधी टिकली कशाची आहे हे कळलंच पाहिजे. खोक्याच्या तळाशी पडलेल्या सुट्या टिकल्या आम्ही रंगाप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत भरल्या होत्या, त्यांतलेच तुकडे तपासले. ध्वजावरची एकही टिकली काढली नाही.

किनारीतल्या निळ्या टिकलीचा तुकडा काचपट्टीवर ऊर्ध्वपातित पाण्याच्या थेंबात ठेवला. काहीच बदल नाही. तीव्र सल्फ्युरिक आम्लातल्या डायफेनिलअमाइनचा थेंब टाकला, गडद निळा रंग आला नाही, म्हणजे सेल्युलोज नायट्रेट हे जुन्या काळचं प्लॅस्टिक नाही. तापवलेली तांब्याची तार तुकड्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरली, ज्योत हिरवी झाली. क्लोरिन आहे, म्हणजे पीव्हीसी. (ही ज्योतीची चाचणी धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करायची, धूर विषारी असतो.) हे कार्डावरच्या सालाशी जुळत होतं.

मग घोड्याच्या पांढऱ्या टिकलीचा तुकडा घेतला. थेंबात टाकून भिंगाखाली धरला तर थोड्याच वेळात त्याची कड फुगली, वळली, आणि टिकली चिकट जेलीसारखी झाली. थेंब चाळीस अंशांच्या आसपास कोमट केला आणि ती विरघळून गेली. म्हणजे जिलेटिन. जिलेटिनच्या टिकल्या प्लॅस्टिक रुळायच्या आधीच्या. त्या पावसात आणि घामात विरघळतात म्हणूनच कपड्यांच्या धंद्यातून गेल्या. वाफेने घड्या काढायला घेतल्या असत्या तर घोडा टेबलावरच वितळला असता.

एकाच ध्वजावर दोन काळांच्या टिकल्या कशा, याचं उत्तर मागच्या बाजूला होतं. मागे साटिनचं अस्तर. खालच्या कोपऱ्यात त्याची शिवण आधीच सुमारे बारा सेंटिमीटर उसवलेली होती. आम्ही एकही टाका कापला नाही. त्या फटीतून बारीक कॅमेरा आणि प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर बसवलेला दिवा आत सरकवला. साटिनला आधार म्हणून आत गोणपाट लावलेलं होतं, आणि जिथं गोणपाट सुटलं होतं तिथं साटिनची उलटी बाजू दिसत होती. स्वाराच्या आकृतीभोवती रेखाटनाची रेघ पेन्सिलीची, करडी आणि चमकणारी. किनारीच्या चौकटी मात्र बॉलपेनने आखलेल्या, जांभळट निळ्या, शाई कडेला किंचित फुटलेली. मग खोलीत अंधार करून अतिनील दिवा लावला. किनारीचा पांढरा दोरा निळसर पांढरा उजळला, मधल्या आकृतीचा दोरा काळवंडलेलाच राहिला. दोऱ्यात आणि साबणात चमक आणणारी द्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र आली. बॉलपेनचंही तेच.

टिकल्या, रेघा, दोरा, तिन्ही एकच गोष्ट सांगत होती: मधला स्वार जुना, किनार नंतर नव्याने भरलेली. टाक्यांचे हातही वेगळे दिसतात. आकृतीत टिकल्या विरळ आहेत, मधून लाल साटिन दिसू देणाऱ्या. जुन्या ध्वजांची ती रीतच होती, अख्खी जमीन टिकल्यांनी झाकायची पद्धत पुढची. झिजलेला ध्वज कुणीतरी टाकून न देता पुन्हा चौकटीवर चढवला, किनार बदलली आणि देवळात परत वापरला. पर्यटकाला विकायच्या वस्तूवर एवढी मेहनत कोण घेतं?

हा जुना भाग फार मोलाचा आहे. १९४१-४२ मध्ये हैतीत कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठिंब्याने ‘अंधश्रद्धाविरोधी’ मोहीम चालवली. देवळं मोडली, ढोल, ध्वज, मूर्ती जाळल्या. त्यातून वाचलेलं फारसं काही नाही. कलेच्या जगाचं लक्षही आधी दुसरीकडे होतं. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधलं सांत्र द’आर्त हे कलाकेंद्र १९४४ मध्ये सुरू झालं ते मुख्यतः चित्रांसाठी. क्रुआ-दे-बुकेच्या जॉर्ज लिओतो या लोहाराने दफनभूमीसाठी घडवलेले क्रॉस १९५३ मध्ये या केंद्राच्या लोकांच्या नजरेत आले. ध्वजांना कलावस्तू म्हणून मान मिळायला आणखी काही दशकं गेली. हैतीच्या मिर्लांद कोंस्तां या कलावतीची मण्यांची प्रचंड कापडं २०२२ मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात लागली. लग्नाच्या पोशाखांच्या कारखान्यात शिकलेलं मण्यांचं काम तिने ध्वजात आणलं. हे उत्तमच झालं, पण सही नसलेल्या देवळातल्या ध्वजांची नोंद तेवढ्याने सुधारत नाही.

आता साफसफाई. ध्वजावर दोन प्रकारचा मळ होता आणि दोन्हींना एकच वागणूक देता येत नाही. घड्यांच्या वरच्या अंगावर बसलेली राखाडी धूळ खोक्यातली. ती काढायची: सर्वांत कमी ओढीवर व्हॅक्यूम, तोंडाला नायलॉनची जाळी, आणि मऊ कुंचल्याने धूळ त्या तोंडाकडे सारत न्यायची. जाळी नसेल तर सुटी टिकली आत जाते आणि पुन्हा सापडत नाही. पीव्हीसीच्या टिकल्या जुन्या झाल्या की चिकट होतात, त्यांवर धूळ रुतते. तिथं घासलं तर रंग निघतो, म्हणून जी व्हॅक्यूमने गेली नाही ती तशीच ठेवली. दुसरा मळ म्हणजे खालच्या भागातले मेणाचे थेंब आणि पसरट डाग. मेण धुळीच्या थराखाली होतं, थेंबांचे ओघळ काठीला समांतर होते, म्हणजे ध्वज काठीवर असताना पडलेलं. विधीत मेणबत्त्या असतात, रम तोंडाने फवारतात, अत्तर शिंपडतात. हे डाग म्हणजे ध्वजाच्या वापराचा पुरावाच, त्यांना हात लावायचा नाही. कुणी सुबक दिसावं म्हणून इस्त्री आणि टीपकागदाने मेण काढू म्हणेल, तर त्याला ठाम नकार द्यावा.

दुरुस्ती मोजकीच. हरवलेल्या टिकल्यांच्या जागी नव्या लावल्या नाहीत. तुटलेल्या दोऱ्याचं सुटं टोक कापडावर आडवं निजवलं, केसाइतक्या पातळ पॉलिएस्टर दोऱ्याने वाकड्या सुईने त्यावर दोन-तीन आडवे टाके घेतले, जुन्याच भोकांतून. साटिन जिथं उभं फाटलं होतं तिथं लाल रंगवलेल्या सुती कापडाची पट्टी त्या उसवलेल्या फटीतून साटिन आणि गोणपाट यांच्या मधे सरकवली आणि कडा टाचल्या. गोंद नाही, कारण तो बसवायला पाणी किंवा उष्णता लागते. घड्या वजनाने हळूहळू उतरवायच्या: मऊ पॅड, वर काचेच्या मण्यांच्या छोट्या पिशव्या, आणि भरपूर वेळ. हवेची आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या जवळ स्थिर हवी, फार कोरडी झाली की जिलेटिन तडकतं.

त्या फ्रेममधल्या चित्राबद्दल मुंबईकरांना सांगायलाच हवं. दाट केसांची स्त्री, अंगावर साप, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात सापांसमोर वाद्य वाजवणारी छोटी आकृती. शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ही सांता मार्ता ला दोमिनादोरा म्हणून पुजली जाते. मूळ चित्र १८८० च्या दशकात हॅम्बुर्गच्या फ्रीडलेंडर छापखान्यातून निघालेली गारुडी स्त्रीची जाहिरात. पश्चिम आफ्रिकेत ते पोचलं आणि मामी वाता या जलदेवतेचं रूप झालं. तिथली मागणी एवढी की १९५५ मध्ये घानाच्या बाजारासाठी ते पुन्हा छापलं मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीने, १२,००० प्रती. आमच्या प्रतीच्या कडा फ्रेमसाठी कापलेल्या, छापखान्याचं नाव त्यात गेलेलं. भिंगाखाली चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसतात, म्हणजे शिळाछाप नव्हे, ऑफसेटवरची नंतरची आवृत्ती.

ध्वजावरचा सें जाकही असाच छापील चित्रातून उतरलेला. स्वस्त शिळाछापांतली ती मुद्रा हैतीतल्या टॅप-टॅप या रंगवलेल्या प्रवासी गाड्यांवर, देवळांच्या भिंतींवर सगळीकडे दिसते. ध्वज करणाऱ्याने घोड्याचा उचललेला पाय, उगारलेली तलवार आणि पायाखालचा एक शत्रू ठेवला, मागचा चिलखती योद्धा गाळला, कारण टिकलीच्या मापात तो मावत नाही. आपल्याकडे रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मी-सरस्वतींना घरोघरी जर आणि टिकल्या लावून सजवत, ते काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रवास लगेच कळेल.

ध्वज आता सपाट खणात आहे, गुंडाळून नाही, कारण गुंडाळीत एकमेकींवर चढलेल्या टिकल्या वाकून तडकतात. खाली-वर आम्लरहित कागद, तोही क्षार न मिसळलेला, कारण जिलेटिन हे प्रथिन आहे. पीव्हीसी आम्ल सोडतं म्हणून खोका हवाबंद नाही. मांडायचा झाला तर साधारण १५ अंशांच्या उतारावर, ५० लक्सच्या आतल्या मंद उजेडात, उभा टांगून कधीच नाही.

नवीन कार्डावर देवता, नळीची झीज, दोन काळांचं काम आणि डागांचा नकाशा आहे. एक ओळ मुद्दाम घातली आहे: द्रापो बहुधा जोडीने करतात. आतल्या गोणपाटावर पोत्याच्या छापील अक्षरांची रांग आहे आणि ती कापलेल्या कडेवर मधेच तुटते. पोत्याचा दुसरा तुकडा दुसऱ्या ध्वजाच्या अस्तराखाली असू शकतो. म्हणून ‘सजावटी कापड’ या सदरातल्या, डाव्या किंवा उजव्या कडेला नळी असलेल्या आणि मापाने दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे असलेल्या सगळ्या कापडांची यादी काढायला घेतली आहे. दुसऱ्या संग्रहांत कुणाकडे असं लाल किंवा निळं साटिन असेल, तर अस्तर उसवू नका, फटीतून दिवा घालून आधी अक्षरं बघा.