साखर कमी करायची नाही: ब्रिटनीचा क्वीन-अमान

पावाचं मळलेलं पीठ चार भाग, सॉल्टेड बटर तीन भाग, साखर तीन भाग. क्वीन-अमान या पदरी केकचं साहित्य इथे संपतं. अंडं नाही, दूध नाही, व्हॅनिला नाही, वर बदामाचे काप नाहीत. फ्रान्सच्या नकाशात डावीकडे समुद्रात घुसलेलं जे टोक दिसतं ते ब्रिटनी, आणि त्यातला अगदी पश्चिमेचा जिल्हा फिनिस्तेर. तिथल्या दुआर्नने नावाच्या बंदरात १८६० च्या सुमारास हा पदार्थ जन्मला. मी त्या बंदरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, कँपेरला राहते. पॅरिसच्या क्रोसाँबद्दल मराठीत बरंच लिहून झालंय. क्वीन-अमानबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि मला तर हाच जास्त आवडतो.

श्रेय दिलं जातं इव्ह-रने स्कोर्दिया या बेकरीवाल्याला. गावात सांगतात ते असं: एका गर्दीच्या दिवशी त्याच्या दुकानातला माल संपला, गिऱ्हाईक तर दारात उभं. हाताशी पावाचं मळलेलं पीठ होतं, बटर होतं, साखर होती. त्याने तिन्ही एकत्र लाटलं, घड्या घातल्या आणि भट्टीत सरकवलं. पदार्थ हातात घेतला की ही गोष्ट पटते. कुठल्याही साध्या बेकरीत जे रोज असतंच, त्यापलीकडचं यात काही नाही.

आमच्या घरच्या ग्रुपवर मी क्वीन-अमानचा फोटो टाकला की उत्तरं ठरलेली असतात. सांगलीची मावशी तर फोनच करते. "अगं, दिसतोय छान. पण साखर निम्मी केली तर चालेल ना? आणि बटरही जरा हात राखून?" तिची काळजी खरी आहे, घरात दोघांना मधुमेह आहे. पण माझं उत्तरही ठरलेलं आहे: मावशी, यातली साखर आणि बटर चवीपुरतं नाही. घराला विटा आणि चुना लागतो तसं ते इथे लागतं. कमी करायचं असेल तर सगळंच निम्मं करा, लहान क्वीन-अमान करा आणि एकेक फोड खा. प्रमाण मात्र मोडू नका.

हे तिला समजावायला मला चिरोट्यांचा आधार घ्यावा लागला, कारण पदर कसे सुटतात हे मी तिच्याच हाताखाली शिकले. तूप आणि तांदळाची पिठी फेसून साटा करायचा, तो पोळीवर लावायचा, पोळीवर पोळी ठेवायची, घट्ट गुंडाळी करून कापायची आणि हलक्या हाताने लाटून मंद आचेवर तळायचं. तुपाचा थर दोन पोळ्यांना चिकटू देत नाही. पिठातलं पाणी गरम होऊन वाफ होते, ती वाफ पोळ्या एकमेकींपासून उचलते आणि पदर मोकळे होतात. साटा कमी पडला तर चिरोटा पुरीसारखा होतो, हे मावशीला कुणी शिकवायला नको. फ्रेंच पदरी पदार्थांचं शास्त्र नेमकं हेच आहे. फरक दोन. पहिला, इथे तुपाच्या साट्याऐवजी बटरची घट्ट चादर असते, आणि त्या बटरमध्येच थोडं पाणी असल्याने तेही वाफ होऊन पदर उचलायला मदत करतं. दुसरा फरक साखरेचा, आणि क्वीन-अमानची सगळी गंमत त्यातच आहे.

चिरोट्यात साखर शेवटी येते, पाकात किंवा वरून पिठीसाखर. क्वीन-अमानमध्ये ती घड्यांच्या आत जाते. ओव्हनमध्ये आतली साखर वितळते आणि बटरशी मिळून पदरांच्या मधे दाट, ओलसर पाक होऊन बसते. कडेची आणि तळाची साखर १६० अंशांच्या पुढे गेली की तिचं कॅरॅमल होतं. म्हणून क्वीन-अमान बाहेरून काचेसारखा कडक आणि आतून जवळजवळ लगद्याइतका मऊ लागतो. साखर निम्मी केली की ते कवच धरतच नाही. बटर निम्मं केलं की पदर एकमेकांत मिटतात. मग हाती येतो तो गोड पाव. गोड पावात वाईट काही नाही, पण त्यासाठी सकाळभर लाटणं फिरवायची गरज नाही.

आता मिठाबद्दल. ब्रिटनीत "बटर द्या" म्हटलं की खारं बटरच पुढ्यात येतं, बिनमिठाचं हवं असेल तर तसं सांगावं लागतं. उरलेल्या फ्रान्समध्ये बरोबर उलटं. याचं मूळ करात आहे. राजेशाहीत फ्रान्सच्या मोठ्या भागात मिठावर गाबेल नावाचा जबर कर होता. ब्रिटनी १५३२ मध्ये फ्रान्सच्या राज्यात सामील झाली ती जुन्या सवलती राखून, आणि त्या करातून ती सुटली. शिवाय गेरांदची मिठागरं तिच्याच किनाऱ्यावर. इतरांना लोण्यात मीठ घालणं परवडत नव्हतं, इथल्या शेतकऱ्यांना ते लोणी टिकवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन होतं. क्रांतीच्या काळात, १७९० मध्ये, गाबेल रद्द झाला, इथल्या जिभेची सवय मात्र राहिली. मिठावरचा कर साध्या माणसाच्या ताटापर्यंत कसा पोचतो, हे शिरोड्याचा १९३० चा सत्याग्रह ज्यांच्या घरात आजही आठवला जातो त्यांना मी काय सांगू! क्वीन-अमानमधल्या एवढ्या साखरेला हे मीठच आवरून धरतं. बिनमिठाच्या बटरचा क्वीन-अमान मला दोन घासांत नकोसा होतो.

आणि म्हणूनच मला वाटतं, भारतात घरी पहिला फ्रेंच पदरी पदार्थ करायचा असेल तर क्रोसाँच्या मागे लागू नका, हा करा. क्रोसाँला बिनमिठाचं, कमी पाण्याचं बटर लागतं. इथले बेकर त्यासाठी ८४ टक्के स्निग्धांशाचं खास बटर आणतात, आणि ते आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणं कठीण. क्वीन-अमानला लागतं साधं खारं बटर. फ्रान्समध्ये खाऱ्या बटरात किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो. आपल्याकडच्या अमूलच्या पिवळ्या वडीतही तेवढाच असतो, आणि मीठ आधीच घातलेलं. पिठात वेगळं मीठ फक्त चिमूटभर घाला, की झालं.

घरचं लोणी चालेल का, हा मावशीचा पुढचा प्रश्न. म्हशीच्या दुधाचं लोणी गाईच्या लोण्यापेक्षा घट्ट असतं आणि वितळायलाही जरा जास्त उष्णता घेतं, हे आपल्या फायद्याचं आहे. इथे हिवाळ्यात, गाई सुक्या चाऱ्यावर असताना निघणारं बटर टणक असतं, आणि वसंतात ओल्या गवतावरचं पिवळंधमक पण मऊ. पदर काढायला जुने बेकर हिवाळ्यातलंच पसंत करतात. घरच्या लोण्याची अडचण वेगळीच आहे, त्यात ताक आणि पाणी फार राहतं. ते बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुवून, फडक्यात दाबून पाणी काढून, मीठ मळून, फ्रिजमध्ये घट्ट करून घ्यावं लागेल. खटपट आहे, पण करणाऱ्याने जरूर करावी.

खरी लढाई तापमानाशी असते. बटर आणि पीठ, दोन्ही सारखीच लवचीक हवीत. साधारण १३ ते १६ अंशांना बटर वाकतं पण तुटत नाही. त्याहून गार असेल तर लाटण्याखाली त्याचे तुकडे होतात आणि पीठ फाटतं. वीस अंशांच्या पुढे ते पिठात मुरायला लागतं, आणि एकदा मुरलं की पदर गेले. कँपेरचं हवामान या बाबतीत उदार आहे, माझं स्वयंपाकघर वर्षातला बराच काळ १८-१९ अंशांवर असतं. सांगली-पुण्याला डिसेंबर-जानेवारीतली सकाळ धरा, पंखा बंद ठेवा. ओट्यावर कडप्पा असेल तर उत्तम, तो मुळात गार असतो. त्यावर आधी बर्फाची पिशवी फिरवून पुसून घ्या.

करायचा कसा, ते निम्म्या प्रमाणात सांगते. १२५ ग्रॅम मैदा, ७५ मिलिलिटर गार पाणी, अर्धा चमचा ड्राय यीस्ट, चिमूटभर मीठ. मळून तासभर झाकून ठेवायचं, मग थापून अर्धा तास फ्रिजमध्ये. १५० ग्रॅम बटर दोन बटर पेपरांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकून ठोकून तळहाताएवढं चौकोनी करायचं. पीठ त्याच्या दुप्पट लाटून बटर पाकिटासारखं आत बंद करायचं. आता लांबट लाटा आणि पत्र घडी करतात तशी तीन पदरांची घडी घाला. ही पहिली घडी साखरेशिवाय. अर्धा तास फ्रिजमध्ये विश्रांती, मग पुन्हा लाटून साखरेतली (एकूण १५० ग्रॅम) अर्धी पसरा, घडी घाला. पंधरा मिनिटांनी तिसऱ्यांदा, उरलेल्या साखरेतली मूठभर बाजूला ठेवून बाकीची आत.

साखर आत गेली की घाई करायची, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साखर पिठातलं पाणी ओढून घेते. तासभर फ्रिजमध्ये विसरलात तर घडीतून पाक गळायला लागतो आणि लाटताना सगळं चिकटतं. म्हणूनच पहिली घडी कोरी ठेवायची. आपल्याकडच्या साखरेचा दाणा जाड असतो, तो पातळ पदर फाडतो, तेव्हा मिक्सरमध्ये एकदाच, क्षणभर फिरवून घ्या. पिठीसाखर मात्र करू नका, ती लगेच विरघळते.

शेवटी चारही कोपरे मधे वळवून गोल करायचा, बटर लावून मूठभर साखर भुरभुरलेल्या साच्यात उलटा ठेवायचा. साचा अठरा सेंटिमीटरचा पुरे. सुटा तळ असलेला साचा वापरू नका, सगळं बटर ओव्हनमध्ये सांडेल. वर सुरीने हलक्या तिरक्या रेघा, वीसेक मिनिटं तसंच, मग १९० ते २०० अंशांवर अर्धा तास किंवा थोडा जास्त. भाजताना बटर सुटून कडेने उकळायला लागतं. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, पण ते तसंच व्हायला हवं. चमच्याने ते दोन-तीनदा वर घालत राहा, पदर ते पुन्हा पितात. रंग बदामी झाल्यावर थांबू नका, गडद तपकिरी होऊ द्या. बाहेर काढून पाचेक मिनिटांत साच्यातून उलटा करा. गार होईपर्यंत वाट पाहिली तर कॅरॅमल साच्याला धरून बसतं आणि मग कवच फुटतं.

अमेरिकेत आणि आता पॅरिसमध्येही मफिनच्या साच्यात केलेले लहान लहान, फुलासारखे क्वीन-अमान दिसतात. देखणे असतात, सगळीकडून कुरकुरीत. पण त्यात आतला तो ओलसर भाग उरत नाही, आणि माझा जीव त्या भागातच आहे. दुआर्ननेत तो ताटलीएवढा, चपटा, जड आणि किंचित वाकडा असतो. चार माणसांचा, सहा माणसांचा, असा मागायचा. कागदात बांधून मिळतो आणि घरी पोचेपर्यंत कागद पारदर्शक झालेला असतो.

तिथे गेलात तर फक्त बेकरीतून परतू नका. बंदरावर रोस्मरच्या धक्क्यापर्यंत चालत जा. हे गाव मुळात केकचं नाही, तारलीचं. मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत इथल्या बायका राबायच्या, बोट लागली की रात्री-अपरात्रीसुद्धा. तासाला ८० सांतीम मिळायचे (शंभर सांतीम म्हणजे एक फ्रँक). १९२४ च्या नोव्हेंबरात त्यांनी संप पुकारला, सव्वा फ्रँक मागितले, आणि जानेवारी १९२५ मध्ये एक फ्रँक मिळवून संप मिटवला. त्याच वर्षी त्यांच्यातली जोझेफिन पँकाले नगरपालिकेवर निवडून आली, तेव्हा फ्रान्समध्ये बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता. पुढे न्यायालयाने तिची निवड रद्द केली. कोकणातल्या बंदरांवर मासळी निवडत बसलेल्या बायका ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे गाव परकं वाटणार नाही. मी या धक्क्यावर आले की क्वीन-अमानपेक्षा त्यांचाच विचार जास्त करते.

उरलेला क्वीन-अमान फ्रिजमध्ये ठेवू नका, कवच ओलं होतं. कागदात गुंडाळून बाहेर दोन दिवस राहतो. खायच्या आधी मंद ओव्हनमध्ये दहा मिनिटं गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये तो चिवट होतो. कोमट खायचा. इथे सोबत साइडर, म्हणजे सफरचंदाचं हलकं मद्य असतं, आपल्याकडे बिनसाखरेची कोरी कॉफी उत्तम जाईल. नाताळच्या सुट्टीत मी सांगलीला येतेय. मावशीने कडप्पा रिकामा करून ठेवायचं कबूल केलंय, म्हशीचं लोणीही धुवून ठेवणार आहे. एक अमूलचा, एक तिच्या लोण्याचा, असे दोन करून बघायचेत. पदर कुणाचे चांगले सुटतात ते कळवते.