मेंढ्या बुडवायची आकडी

शेतीच्या जुन्या अवजारांच्या संवर्धनात माझे बहुतेक दिवस गंज आणि वाळवीशी झटापट करण्यात जातात. त्या दिवशी शाळेच्या मुलांना हाताळायला द्यायच्या दोन वस्तू टेबलावर आल्या होत्या. एक बसकं लाकडी बाकडं आणि एक लांब दांड्याची लोखंडी आकडी. दोन्ही ब्रिटनमधल्या मेंढपाळांची.

बाकडं काळंकुट्ट, चिकट, बघूनच हात मागे घ्यावा असं. अरुंद टोकावर मेंढपाळ दोन्हीकडे पाय टाकून बसायचा, पुढच्या रुंद पट्ट्यांवर मेंढी आडवी. लोकरीत बोटाने भांग पाडायचा, उघड्या पडलेल्या कातडीवर डांबर आणि लोण्याचं मलम चोपडायचं, की लगेच शेजारी पुढचा भांग. खरजेच्या किड्यांवर उपाय हाच. एक मेंढी संपली की दुसरी, असा अख्खा कळप! वर डांबराने बरबटलेल्या लोकरीला भाव कमी. १८५२ साली इंग्लंडमधल्या बर्कमस्टेडच्या विल्यम कूपर या पशुवैद्याने आर्सेनिक आणि गंधकाची भुकटी बाजारात आणली. पाण्यात कालवून हौद भरायचा आणि मेंढ्या एकेक करून बुडवून काढायच्या. बाकड्यावर पाठ मोडून घेतलेल्या माणसाला हे वरदानच वाटलं असणार.

आकडी या हौदाच्या काळातली. तिला दुहेरी वळण असतं: एकाने मान दाबून डोकं पाण्याखाली न्यायचं, दुसऱ्याने मेंढीला उचलून धरायचं. दांड्यावर फिकटलेला लाल रंग, वरचं टोक हाताळून गुळगुळीत. ‘‘मॅडम, ही स्वच्छ आहे, हीच देऊ या मुलांना,’’ सहकारी म्हणाली. ‘‘ते बाकडं राहू दे.’’

एक्स-रे फ्लुरोसन्सचं यंत्र, म्हणजे वस्तूवर क्ष-किरण सोडून तिच्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते आलेखावर दाखवणारं यंत्र, लावल्याशिवाय मी काही सोडत नाही. दांड्याच्या खालच्या टोकाला ते टेकवलं, तर पडद्यावर आर्सेनिकची रेषा जिथे येते तिथे भलामोठा सुळका. पण त्यावर लगेच भुलायचं नसतं. शिशाची रेषाही नेमकी तिथेच, १०.५ केईव्हीच्या (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) आसपास येते, आणि जुन्या लाल रंगात शिसं असण्याची शक्यता दाट. म्हणून आर्सेनिकची दुसरी रेषा येते त्या ११.७ पाशी बघायचं, तिथे शिसं लुडबुडत नाही. तिथेही सुळका होताच. मग रंग उडालेल्या एका भेगेवर यंत्र धरलं. शिसं जवळजवळ गायब, आर्सेनिक जागच्या जागी. हौदातलं पाणी लाकडात मुरलं होतं, आणि आर्सेनिक हे मूलद्रव्य. कितीही वर्षं गेली तरी त्याचं विघटन व्हायचं नाही.

बाकड्यात मात्र काहीच निघालं नाही.

नायट्राइलचे हातमोजे चढवून आकडी जाड पिशवीत बंद केली, वर विषाची चिठ्ठी लावली. टेबल ओल्या फडक्याने पुसलं. अशा वेळी कोरडा ब्रश फिरवला की धूळ नाकात जाते. मुलांना बाकड्याच्या अरुंद टोकावर बसू द्यायचं आणि आकडीची नक्कल सुताराकडून करून घ्यायची असं ठरलं. त्याला मापं मात्र पिशवीवरूनच घ्यावी लागली, आणि त्याबद्दल तो बराच वेळ कुरकुरत होता.