डिकीतला खोका : आमच्या दुकानाची वाटचाल

मिरजेत आमचं कार ऑडिओचं दुकान आहे. दुकान म्हणजे आधी वडिलांचं टेप-रेडिओ रिपेअरिंगचं एक टेबल होतं, बेल्ट बदल, हेड साफ कर, ट्रकवाल्यांचा टेप बसवून दे, असली कामं. मी हाताखाली आलो तेव्हा कॅसेट संपत आलेली आणि सगळ्यांना पेनड्राईव्हवाला डेक आणि मागं वूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, पाहिजे होता. मग आम्हीपण बसवायला लागलो. बसवायचं म्हणजे काय, वूफर आणायचा, अँप म्हणजे अँप्लिफायर आणायचा, खोका शेजारच्या सुतारकाकांकडून करून घ्यायचा आणि वरून कार्पेट चिकटवायचं. खोक्याचं माप डिकीत किती मावतंय त्यावर ठरायचं, दुसरा काही हिशेबच नव्हता. जोरात वाजलं की गिऱ्हाईक खूश आणि आम्हीपण खूश.

मग सीएनजीची एक सेडान आली. सिलिंडरनं निम्मी डिकी खाल्लेली. आमचा 12 इंची वूफरचा पोर्टवाला खोका ठरलेला होता (पोर्ट म्हणजे हवा आतबाहेर जायला ठेवलेली नळी), आत 56 लिटर जागा आणि पोर्ट साधारण 34 हर्ट्झच्या सुराला लागलेला. काकांनी तो कापून 28 लिटरचा करून दिला, पोर्ट मात्र तोच, तेवढ्याच लांबीचा. चार दिवसांत मालक परत, म्हणाला दादा हे नुसतं ढुम्म ढुम्म करतंय, ढोल पण तसाच आणि बेस गिटार पण तसंच, खालचा आवाज येतच नाही. मी वूफर बदलून दिला. मग अँप मोठा लावला. मग वायर जाड टाकली, अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून परत घट्ट केलं. एवढं करून काय झालं तर तेच ढुम्म जास्त मोठ्यानं यायला लागलं, आणि त्या एका गाडीत कमाई सोडाच, पदरचे पैसे गेले.

वडील एकदा डिकीपाशी येऊन ऐकून गेले आणि जाताजाता म्हणाले, "भोपळा लहान घेतलास का रे?"

आमच्या गावात हे कुणाला सांगावं लागू नये खरं तर. सतारमेकर गल्लीतली माणसं सतारीच्या, तंबोऱ्याच्या भोपळ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडं जातात, निवडून निवडून घेतात, आणि मी तिथून हाकेच्या अंतरावर बसून डिकीच्या मापानं लाकूड कापत होतो.

रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तेव्हा कळलं. खोक्यातली हवा म्हणजे स्प्रिंग आणि पोर्टमधली हवा म्हणजे त्यावर लटकवलेलं वजन. जागा निम्मी केली की स्प्रिंग दुप्पट कडक होते, वजन तेवढंच राहतं, मग सूर वर चढणारच, निम्म्या जागेला जवळजवळ 1.4 पट. म्हणजे 34 चे झाले 48 हर्ट्झ. त्या एका सुराला खोका बोंबलतो आणि त्याच्या खाली आवाज असा कोसळतो की एक सप्तक उतरलं की 24 डेसिबल गेले, शिवाय वूफरच्या कोनला, म्हणजे पुढंमागं हलणाऱ्या पडद्याला, धरून ठेवणारं काही राहत नाही, तो नुसता फडफडतो. पोर्ट लांब करावा तर दुपटीपेक्षा जास्त लांब पाहिजे, तो त्या खोक्यात मावेना. शेवटी पोर्टवर आतून 18 एमएमचा तुकडा मारला, कडेनं सिलिकॉन भरलं, झाला बंद खोका. 28 लिटर म्हणजे एक घनफूट, बऱ्याच 12 इंचींना बंद खोक्यात ते पुरतं. बंद खोक्यात आवाज उतरतो तो हळू, सप्तकाला 12 डेसिबल, आणि काचा लावलेली गाडी स्वतःच खालचा बेस उचलून धरते त्यामुळं कानाला भरीव लागतं. वूफर बदलून, अँप बदलून जे झालं नाही ते लाकडाच्या तुकड्यानं झालं.

तिथून धंद्याची गाडी वेगळ्या रस्त्याला लागली. आम्ही विकण्याआधी तपासायला लागलो आणि सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजीहून दुसरीकडं केलेले खोके यायला लागले. एक पोरगा दोन 10 इंची घेऊन आला, म्हणे दोन असून एकाएवढा पण बेस नाही. मी एकाची वायर काढली आणि बेस वाढला! त्याला वाटलं जादू केली. एकाचं प्लस-मायनस उलटं होतं, एक पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो. पेन्सिल सेल वायरीला क्षणभर टेकवायचा, दोन्ही कोन एकाच बाजूला उडाले पाहिजेत, एवढीच तपासणी. पावसाळ्यात तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, खालून फुगतो आणि सांधा सुटतो, मग बंद खोक्याला 30 हर्ट्झचा टोन लावून कडेनं अगरबत्ती फिरवायची, धूर जिथं थरथरतो तिथं फट. टर्मिनलच्या मागं तर हमखास. (दुकानात सारखा अगरबत्तीचा वास म्हणून लोकांना आम्ही फार देवभोळे वाटतो.) आणि कितीतरी वेळा अँपवरचं बटण चुकून एचपीएफवर, म्हणजे फक्त वरचे सूर सोडणाऱ्या फिल्टरवर राहिलेलं असतं, नेमका बेसच अडवलेला. त्याचे पैसे घ्यायला लाज वाटते, पण घेतो.

आता गाड्यांना कंपनीचीच स्क्रीन येते, त्यामुळं डेकचा धंदा जवळजवळ बसला. काही स्क्रीन आवाज वाढवला की आपणच बेस कमी करतात, ते शोधायला मला दोन महिने लागले. खोके मात्र चालू आहेत, सुतारकाका आता माप विचारल्याशिवाय करवत हातात घेत नाहीत.

त्या सेडानवाल्यानं गाडी विकली पण खोका काढून घेतला आणि परवा नव्या गाडीत बसवायला आमच्याकडंच आणला. यावेळी सिलिंडर नाही, डिकी मोठी आहे, तर म्हणतो आता पोर्ट उघडूया का. म्हटलं, हात लावू नका.